सतरावे मोहरे

अमेरिकी ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा ऑनलाइन ब्लिट्झ बुद्धिबळ खेळत असताना ऐन मोक्याच्या क्षणी पटाकडे बघतच नाही, ही गोष्ट नवख्या प्रेक्षकाला आधी चकित करते. डाव रंगात आलेला असतो, दोघांच्याही घड्याळांत चाळीसेक सेकंद उरलेले असतात आणि हा मान वर करून छताच्या कोपऱ्याकडे बघत असतो. ओठ हलत असतात. ‘टेक्स, टेक्स, टेक्स’ असे पुटपुटत तो मारामारीची एक लांबलचक मालिका मनातल्या पटावर खेळून घेतो. मग नजर खाली येते, माउसच्या उजव्या बटणाने पडद्यावर चार-पाच रंगीत बाण उमटतात आणि तितक्याच झपाट्याने पुसले जातात. चाल झालेली असते. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागतात, कधी तेवढेही नाहीत.

हे दृश्य गेली काही वर्षे जगभरचे लाखो लोक पाहत आले आहेत. त्यातल्या अनेकांचे नाकामुराबद्दलचे मत एका वाक्यात सांगता येते: हात भारी वेगवान आहे त्याचा. मला हे मत अपुरे वाटते. हात वेगवान असलेले हजारो खेळाडू चेस डॉट कॉम आणि लिचेस या संकेतस्थळांवर रोज रात्री खेळत असतात. त्यातल्या बहुतेकांचे डाव दुसऱ्या दिवशी उघडून बघावेसे वाटत नाहीत. नाकामुराचे बघावेसे वाटतात. त्या डावांत एक विचार आहे, आणि तो विचार वेगाचा नाही, वेळेचा आहे.

आधी थोडे गणित. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असलेला डाव ब्लिट्झ ठरतो. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला अतिजलद म्हणतात. ऑनलाइन जगात सर्वांत जास्त रुळलेला प्रकार तीन मिनिटांचा. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. डाव चाळीस चालींचा झाला तर चालीला साडेचार सेकंद, साठ चालींचा झाला तर तीन. एका मिनिटाचा डाव म्हणजे बुलेट. तिथे चाळीस चालींना चालीमागे दीड सेकंद. या हिशोबात ‘सर्वोत्तम चाल’ ही कल्पनाच बदलते. समजा, पटावर एक अचूक चाल आहे आणि ती शोधायला वीस सेकंद लागतात. दुसरी एक बरी चाल आहे, ती दोन सेकंदांत दिसते आणि तिला उत्तर शोधायला प्रतिस्पर्ध्याला पंधरा सेकंद मोजावे लागतात. दीर्घ वेळेच्या, म्हणजे क्लासिकल डावात पहिली चालच बरोबर. ब्लिट्झमध्ये मात्र दुसरी, कारण तिने अठरा सेकंद वाचवले आणि समोरच्याचे पंधरा खाल्ले. प्रत्येकाकडे सोळा मोहरी असतात. नाकामुरा घड्याळाला सतरावे मोहरे मानून खेळतो. इतर लोक त्याच्याकडे संकटात सापडल्यावर बघतात, हा पहिल्या चालीपासून ते पटावर आणतो.

त्याच्या सुरुवातीच्या चाली पाहिल्या की हे लक्षात येते. ऑनलाइन ब्लिट्झमध्ये पांढऱ्या मोहऱ्यांनी तो अनेकदा वजिराच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवून डाव उघडतो. बी३. पुस्तकी दृष्टीने या चालीत फारसे काही नाही. संगणक तिला जवळपास समान स्थिती म्हणतो. पण प्रतिस्पर्ध्याने महिनोन्‌महिने पाठ केलेले वीस-वीस चालींचे ओघ एका फटक्यात निरुपयोगी होतात. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या चालीपासूनच डोके चालवावे लागते, आणि नाकामुराने मात्र अशा रचना इतक्या वेळा खेळलेल्या असतात की पहिल्या दहा-बारा चालींना त्याचे जेमतेम पाच-सहा सेकंद जातात. काळ्या मोहऱ्यांनी किंग्ज इंडियनसारखी रचना त्याला लहानपणापासून प्रिय. तिथेही कोणते मोहरे कुठे जायचे हे ठरलेले, त्यामुळे विचार पुढच्या झुंजीसाठी शिल्लक राहतो.

ही वृत्ती फक्त पडद्यावरची नाही. २००५ मध्ये डेन्मार्क-स्वीडनमध्ये भरलेल्या सिगेमन स्पर्धेत भारताच्या कृष्णन शशीकिरणविरुद्ध, गंभीर क्लासिकल डावात, त्याने दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणून ठेवला होता. शाळकरी मुलांना ‘असे करू नका’ म्हणून शिकवतात ती चाल. शशीकिरण गडबडला नाही आणि लांबलेला डाव नाकामुरा हरला. तरीही त्या विशीदेखील न गाठलेल्या मुलाला काय हवे होते ते त्या चालीत दिसते: समोरचा आपल्या ओळखीच्या अंगणातून बाहेर यावा. क्लासिकलमध्ये शशीकिरणला शांतपणे उत्तर शोधायला वेळ होता. तीन मिनिटांत तो मिळत नाही.

त्याच्या घडणीविषयी थोडे सांगायला हवे, कारण हा खेळाडू ‘इंटरनेटने घडवलेला’ असा एक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. नाकामुरा ९ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये ओसाका प्रांतातल्या हिराकाता शहरात जन्मला. वडील जपानी, आई अमेरिकी. दोन वर्षांचा असताना तो अमेरिकेत आला. आईने पुढे श्रीलंकेत जन्मलेल्या सुनील वीरमंत्री यांच्याशी लग्न केले. वीरमंत्री हे फिडे मास्टर आणि अमेरिकेत शालेय बुद्धिबळाचे नावाजलेले प्रशिक्षक. न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्समध्ये मोठ्या भावापाठोपाठ हिकारूही त्यांच्याकडे शिकला. दहाव्या वर्षी तो अमेरिकेतला त्या वेळचा सर्वांत लहान मास्टर झाला. २००३ मध्ये १५ वर्षे ७९ दिवसांचा असताना ग्रँडमास्टर, आणि त्यामुळे सर्वांत लहान अमेरिकी ग्रँडमास्टरचा बॉबी फिशरचा जुना विक्रम मोडला. पुढे पाच वेळा अमेरिकेचा विजेता. म्हणजे लाकडी पटावरच्या स्पर्धांची, हरलेले डाव प्रशिक्षकासमोर पुन्हा मांडण्याची पक्की शिस्त आधीपासून होती.

त्या शिस्तीच्या जोडीला इंटरनेट चेस क्लब आला. १९९५ पासून सभासदत्वाचे पैसे घेऊन चालणारा हा क्लब त्या काळी ऑनलाइन बुद्धिबळाचा मुख्य अड्डा होता. तिथे ‘स्मॉलव्हिल’ नावाने खेळणारा एक मुलगा एका मिनिटाच्या डावांत भल्याभल्यांना झोपवत असे. तोच हा. २००९ मध्ये त्याने ब्रूस हार्पर यांच्यासोबत बुलेट बुद्धिबळावर एक अख्खे पुस्तक लिहिले. त्या काळी बहुतेक प्रशिक्षक बुलेटला वेळेचा अपव्यय समजत, आणि एक अव्वल ग्रँडमास्टर त्याची तत्त्वे मांडत होता.

त्याच क्लबवर २००८ मध्ये खेळला गेलेला एक डाव मला नाकामुराच्या शैलीची किल्ली वाटतो. समोर माणूस नव्हता, रिब्का होता, त्या काळातला जगातला सर्वांत बलाढ्य बुद्धिबळ संगणक-प्रोग्रॅम. ब्लिट्झमध्ये संगणकाला भिडणे म्हणजे माणसाच्या सगळ्या दुबळ्या बाजू उघड्या टाकणे. यंत्राला वेळ कमी पडत नाही, ते थकत नाही, घोड्याचा दुहेरी हल्ला त्याच्या नजरेतून सुटत नाही. नाकामुराने काळ्या मोहऱ्यांनी प्याद्यांची भिंत अशी उभी केली की दोन्ही बाजूंचे सैन्य एकमेकांपर्यंत पोहोचेना. सोंगट्यांच्या हिशोबात रिब्का पुढे होता. पण करायचे काय, हे त्याला कळेना. पुढे-मागे, पुढे-मागे नुसत्या चाली होत राहिल्या.

इथे नियम कामाला आला. पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही आणि एकही सोंगटी मारली गेली नाही, तर डाव बरोबरीत सुटू शकतो. आपण जिंकत आहोत असे मानणाऱ्या यंत्राला बरोबरी नको होती. म्हणून पन्नासाव्या चालीच्या जवळ आले की ते काहीतरी बदल करी, स्वतःच्या भक्कम भिंतीची एखादी वीट स्वतःच काढी. नाकामुराने नेमके हेच ताडले होते. तो वाट पाहत राहिला. रिब्का स्वतःच्या हाताने खिळखिळा होत गेला आणि शेवटी काळ्याची प्यादी धावत सुटली. नाकामुराने ती वजिरात नव्हे तर उंटांत बदलली, एकामागून एक पाच उंट. २७१ चालींनंतर डाव संपला, काळा जिंकला.

पाच उंटांवर लोक हसले, त्याला टवाळखोरी म्हणणारेही होते. मला त्या डावातले आधीचे दोनशे चालींचे थांबणे अधिक मोलाचे वाटते. अत्यंत कमी वेळाच्या डावात इतका धीर धरणाऱ्या माणसाला घाईचा खेळाडू कसे म्हणायचे? समोरच्याला कशाचा मोह पडेल आणि कशाची भीती वाटेल हे त्याने ओळखले, आणि मग घाई समोरच्यावर लादली. माणसांविरुद्धही तो हेच करतो. हरत असलेल्या स्थितीत नाकामुरा क्वचितच हताश हल्ला चढवतो. तो स्थिती गुंतवतो, प्यादी अडकवून ठेवतो, वजिरांची अदलाबदल टाळतो, घोडा पटावर शिल्लक ठेवतो. घोड्याची उडी शेवटच्या सेकंदांत ओळखायला सर्वांत अवघड. उंट आणि हत्तीच्या रेषा डोळ्यांना आपोआप दिसतात, घोड्याची वाट मोजावी लागते. समोरच्याला जिंकण्यासाठी एक चांगली चाल पुरेशी नसते, सलग आठ-दहा कराव्या लागतात, आणि प्रत्येकीला दोन-दोन सेकंद.

तरुणपणी त्याची ख्याती वेगळी होती. २००७ मध्ये बार्सिलोनात पोलंडच्या क्रासेन्कोवविरुद्ध त्याने वजीर देऊन राजाला मैदानात ओढून आणले होते, आणि २०१० च्या जानेवारीत तुर्कस्तानातल्या बुर्सा इथे जागतिक सांघिक स्पर्धेत बोरिस गेल्फांडच्या राजावर किंग्ज इंडियनमधून केलेला हल्ला आजही शिकवला जातो. ते डाव सुंदर आहेतच. पण ज्याने फक्त तेवढेच पाहिले, त्याला आजचा ब्लिट्झ खेळाडू नाकामुरा ओळखू येणार नाही. आजचा नाकामुरा बचावासाठी भीतीदायक आहे.

पडद्यावरच्या खेळाची स्वतःची एक कारागिरी आहे आणि लाकडी पटावर वाढलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या खेळाडूंना ती परकी वाटते. प्रीमूव्ह ही त्यातली मुख्य. समोरच्याने चाल करण्याआधीच आपण आपली पुढची चाल देऊन ठेवायची. त्याची चाल झाली की आपली लगेच होते. चेस डॉट कॉमवर प्रीमूव्हला सेकंदाचा दहावा भाग खर्च होतो आणि अशा अनेक चाली एकापाठोपाठ रांगेत लावता येतात. लिचेसवर एकच लावता येते, पण ती फुकट. घड्याळात एक सेकंद उरलेला माणूस प्रीमूव्हच्या जोरावर आणखी दहा चाली जगू शकतो.

आता यातली मेख अशी की प्रीमूव्ह आंधळी असते. समजा प्रतिस्पर्ध्याने ठरवले आहे की हत्तीने शह द्यायचा, आणि ती चाल त्याने आधीच देऊन ठेवली आहे. नाकामुराने ते ओळखले, तर तो राजा अशा अनपेक्षित घरात नेतो की तो हत्ती येऊन पडतो थेट राजाच्या शेजारी, कुणाचाही आधार नसताना. राजा हत्ती खातो. सामान्य नजरेला ही प्रतिस्पर्ध्याची घोडचूक दिसते. पण ही चूक घडवून आणलेली आहे. त्यासाठी पटावरची स्थिती वाचणे पुरत नाही. समोरच्याच्या बोटांत आत्ता कोणती चाल तयार आहे हे वाचावे लागते. शेवटच्या दहा सेकंदांत नाकामुराची चाल कधी कधी विचित्र दिसते, संगणकाच्या मूल्यमापनाचा आलेख खाली घसरतो, आणि तरी तीच चाल डाव जिंकून देते. अशा ठिकाणी नुसत्या संगणकाच्या आकड्यावरून त्याचा खेळ तोलणाऱ्यांना डावाचा अर्धा भाग दिसतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेवर डाव जिंकणे, खेळाडूंच्या भाषेत फ्लॅग करणे, यात काही कमीपणा आहे का? हरलेल्या स्थितीत नुसते शह देत राहून समोरच्याचा वेळ संपवायचा, हे खेळाच्या आत्म्याला धरून आहे का? हा वाद जुना आहे. माझ्या मते तीन मिनिटांचा डाव स्वीकारताना दोघांनीही तीन मिनिटांत जिंकण्याचे बंधन स्वीकारलेले असते. ज्याने दोन मिनिटे पन्नास सेकंदांत सुंदर स्थिती मिळवली आणि उरलेल्या दहा सेकंदांत ती राबवू शकला नाही, त्याने वेळ उधळला. आणि वेळ हीही सामग्रीच. नाकामुराला हे मनापासून मान्य आहे, म्हणून तो अशा विजयांबद्दल खंत करत नाही.

या कलेची खरी कसोटी स्पीड चेस चॅम्पियनशिपमध्ये लागते. चेस डॉट कॉमच्या या सामन्यांचा ढाचा अनेक वर्षे असा होता: दीड तास पाच मिनिटांचे डाव, मग एक तास तीन मिनिटांचे, शेवटी अर्धा तास एक-एक मिनिटाचे, आणि प्रत्येक डावात चालीमागे एक सेकंदाची भर. तीन तास सलग. इथे एखादा डाव हरण्यापेक्षा त्या हरण्याने पुढचे तीन डाव बिघडू देणे अधिक महाग पडते. २०१६ च्या स्पर्धेत तत्कालीन विश्वविजेत्या मॅग्नस कार्लसनने नाकामुराला साडेचौदा विरुद्ध साडेदहा असे हरवले, आणि २०१७ च्या स्पर्धेत अठरा विरुद्ध नऊ असा धुव्वा उडवला. त्यानंतर २०१८ ते २०२२ अशी सलग पाच विजेतेपदे नाकामुराने घेतली. पाचव्यात, डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात, समोर पुन्हा कार्लसनच होता आणि निकाल होता साडेचौदा विरुद्ध साडेतेरा. एका गुणाचा फरक. पुढच्याच वर्षी कार्लसनने तितक्याच फरकाने, साडेतेरा विरुद्ध साडेबारा, परतफेड केली.

कार्लसनसमोरची ही झुंज समजायला एक आकडा लक्षात ठेवावा. क्लासिकल बुद्धिबळात कार्लसनने नाकामुराला बारा वेळा हरवल्यानंतर, २०१६ मध्ये बिल्बाओत, नाकामुराला त्याच्याविरुद्ध पहिला विजय मिळाला. बारा पराभव! असा इतिहास असलेल्या माणसाने त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर तीन तासांच्या ब्लिट्झमध्ये पाच वर्षांत नऊ गुणांची दरी बुजवली, ही मनाच्या कणखरपणाची गोष्ट आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये कार्लसनच्या ऑनलाइन मालिकेचा अंतिम सामना सात दिवस चालला, आर्मागेडन म्हणजे शेवटच्या निर्णायक डावापर्यंत गेला, आणि कार्लसन चार विरुद्ध तीन असा निसटता जिंकला. ते सात दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना दोघांच्या शैलीतला फरक डोळ्यांनी दिसला. कार्लसन चांगली स्थिती हळूहळू पिळत नेतो. नाकामुरा वाईट स्थिती न हरता खेळून काढतो.

मात्र लाकडी पटावरचे अधिकृत जागतिक ब्लिट्झ विजेतेपद त्याच्या वाट्याला आलेले नाही. २०१९ मध्ये मॉस्कोत तो कार्लसनच्या बरोबरीने पहिला आला आणि टायब्रेकमध्ये हरला. २०२२ मध्ये अल्माटीत पुन्हा दुसरा. तिथे तीन मिनिटे आणि चालीमागे दोन सेकंदांची भर असते, प्रीमूव्ह नसते, मोहरे हाताने उचलावे लागते आणि घड्याळ दाबायला हात न्यावा लागतो. त्याची काही हत्यारे तिथे म्यान होतात. तरीही तो पहिल्या दोनांत येतो, यावरून हत्यारांपलीकडे किती बुद्धिबळ आहे ते कळावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये माजी विश्वविजेता व्लादिमीर क्रामनिकने नाकामुराच्या ऑनलाइन निकालांवर जाहीर शंका घेतली. रोख होता एका मालिकेवर: ४६ डावांत साडेपंचेचाळीस गुण. ऐकायला अशक्य वाटते. पण गणित करून बघा. खेळाडूंचे गुणांक ठरवणाऱ्या एलो पद्धतीत चारशे गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूकडून शंभर डावांत साधारण ९१ गुण अपेक्षित असतात. फरक वाढला की अपेक्षा आणखी वाढते. एका डावात जिंकण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर सलग ४६ डाव जिंकण्याची शक्यता सुमारे नऊ टक्के येते. ९८ टक्के धरली तर जवळजवळ चाळीस टक्के. आणि नाकामुराने असे ४६ नाही, हजारो डाव खेळले आहेत. त्यातून सर्वांत चमकदार तुकडा कापून काढला की तो चमकणारच. चेस डॉट कॉमने त्याचे डाव तपासले आणि त्यात गैर काही आढळले नाही असे जाहीर केले.

क्रामनिकने अशीच जाहीर शंका डॅनियल नरोडित्स्कीवरही घेतली होती. नरोडित्स्की म्हणजे बुलेटमध्ये नाकामुराला झुंजवणाऱ्या मोजक्यांपैकी एक, उत्तम शिक्षक, खेळता खेळता प्रत्येक चालीमागचा विचार शांतपणे समजावून सांगणारा. त्याच्याविरुद्ध कोणताही पुरावा कधी पुढे आला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी तो गेला. त्याचे शेकडो तासांचे धडे आजही पाहता येतात. ब्लिट्झ म्हणजे विचारशून्य खेळ असे ज्यांना वाटते त्यांनी त्यातला कोणताही एक तास पाहावा. ऑनलाइन खेळात फसवणूक होते, ती रोखलीच पाहिजे. पण पुराव्याशिवाय माणसाचे नाव घेणे हा अन्याय आहे, आणि तो करणारा माजी विश्वविजेता असला म्हणून तो लहान होत नाही.

आता आपल्याकडच्या पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या तोंडी असलेला प्रश्न: ब्लिट्झने खेळ बिघडतो का? संशोधनाने यावर थोडा प्रकाश टाकला आहे. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की निष्णात खेळाडू पटावरच्या सोंगट्या सुट्या पाहत नाही, ओळखीच्या गटांत पाहतो. सोंगट्या अस्ताव्यस्त मांडल्या की त्याची स्मरणशक्ती नवशिक्याच्या जवळ येते. २००४ मध्ये ब्रूस बर्न्स यांनी ब्लिट्झ स्पर्धांचे निकाल तपासून मांडले की नेहमीच्या पाच टक्क्यांहून कमी वेळात खेळाडू कसे खेळतात, त्यातून त्यांच्या कौशल्यातल्या फरकाचा ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग उलगडतो. म्हणजे वेळ कापला तरी उरते ते मुख्यतः बुद्धिबळच, साठवलेले आणि पचवलेले.

नाकामुराचे उदाहरण याला जुळते. दोनेक वर्षे तो क्लासिकल स्पर्धांपासून दूर राहिला. थेट प्रक्षेपणे, ऑनलाइन सामने, नवशिक्या मंडळींना शिकवणे यातच रमला. आपण आता आधी प्रक्षेपण करणारे आहोत, असे तो उघड म्हणायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये फिडेच्या विशेष प्रवेशावर तो बर्लिनच्या ग्रां प्रीत उतरला आणि टायब्रेकमध्ये लेव्हॉन अरोनियनला हरवून जिंकला. त्यातून विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा गाठली. २०२३ मध्ये नॉर्वे चेस जिंकली. रोजच्या ब्लिट्झने तो गंजला नव्हता. उलट हरण्याची भीती कमी झाली होती.

आणि मर्यादा? ती आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने दाखवून दिली. २०२३ च्या आइल ऑफ मॅनमधल्या ग्रँड स्विसमध्ये विदित पहिला आणि नाकामुरा दुसरा आला, आणि दोघेही कँडिडेट्सला गेले. एप्रिल २०२४, टोरँटो. दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या विदितने बर्लिन बचावातून अकराव्याच चालीला नाकामुराच्या राजापुढच्या एच३ या घरावर उंट झोकला. ती घरून तयार करून आणलेली कल्पना होती, आणि ती उलगडायला नाकामुराची अंतःप्रेरणा पुरेना. त्याची ४७ क्लासिकल डावांची अपराजित मालिका तिथे तुटली. नवव्या फेरीत पांढऱ्याने विदितने त्याला पुन्हा हरवले. स्पर्धेत विदित स्वतः मागे राहिला, पण पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीत असलेल्या खेळाडूला त्याने दोनदा नमवले. शेवटच्या फेरीत डी. गुकेशने काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराशी बरोबरी साधली आणि आव्हानवीर होण्याचा मान घेतला. हा गुकेश वेगळ्याच वाटेने आलेला: प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी त्याला बरीच वर्षे संगणकाच्या विश्लेषणापासून लांब ठेवले होते, आणि जलद प्रकारांत त्याचे नाव कधी तितके गाजले नव्हते. तोच त्या वर्षअखेरीस विश्वविजेता झाला.

दोन्ही वाटा खऱ्या आहेत. मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेण्याआधी, किंवा त्याच्या ब्लिट्झ गुणांकाचे कौतुक नातेवाइकांना सांगण्याआधी, एवढे मात्र बघावे की खेळून झाल्यावर तो हरलेला डाव पुन्हा उघडतो की लगेच पुढचा सुरू करतो. वीरमंत्रींच्या घरात डाव पुन्हा उघडला जायचा. ज्याचा पाया तसा आहे त्याला ब्लिट्झ धार देते. पाया नसलेल्याला ते फक्त सवय लावते, आणि हा फरक ओळखण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची आहे.

वाचकाला एक विनंती. नाकामुराचा पुढचा ऑनलाइन सामना लागला की समालोचनाचा आवाज बंद करा, संगणकाचा आलेख झाका आणि पहिले दोन-तीन डाव फक्त दोघांच्या घड्याळांकडे पाहा. कोणाचा वेळ कुठल्या चालीवर गेला ते कागदावर टिपा. मग त्याच चाली घरातल्या लाकडी पटावर मांडून पाहा, सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन.